सुरयाचं अंडं

शाळेच्या अमृतमहोत्सवाचं पत्र हातात पडलं आणि आधी आठवली ती सरांची काळी छत्री. कोणते सर, हे आपल्या बॅचला सांगायला नको.

आठवीत होतो. एप्रिल महिना, सकाळची शाळा. सांगलीजवळच्या हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ वाळूत मला एक अंडं सापडलं. वाळूच्याच रंगाचं, वर तपकिरी ठिपके. फुशारकीनं खिशात घालून वर्गात आणलं. सर मारतील असं वाटलं होतं. त्यांनी छत्री उचलली, मला सायकलच्या कॅरिअरवर बसवलं. "मूठ आवळू नको, सैलही सोडू नको," वाटेत दोनदा एवढंच बोलले.

वाळवंटात पोचलो तर घरटं काही सापडेना. घरटं कसलं, टाचेनं केल्यासारखा खळगा! पिवळ्या चोचीचे नदीसुरय किंचाळत डोक्यावर झेपा घेत होते. सरांनी छत्री माझ्यावर धरली. त्यांच्या स्वतःच्या टकलावर शिटलं ते रुमालानं पुसलं. अखेर दोन अंड्यांचा खळगा दिसला. तिसरं ठेवून आम्ही शंभर पावलं मागे जाऊन बसलो. बऱ्याच वेळानं पक्षी आला, पोटाची पिसं पाण्यात भिजवून. "उन्हानं अंडी तापतात रे, म्हणून." त्यातून पिल्लू निघालं की नाही, देव जाणे.

आज मी मालवणहून लोकांना समुद्रपक्षी दाखवायला बोटीनं नेतो. निम्म्यांना बोट लागते. पण विल्सनचा स्टॉर्म पेट्रेल, जेमतेम चाळीस ग्रॅमचा जीव, अंटार्क्टिकाकडून येऊन लाटांवर पाय आपटत चालताना दिसला की ओकणारेही उठून बसतात. वेंगुर्ला रॉक्स या समुद्रातल्या खडकाळ बेटांवर लगामी सुरयांची वीण असते. "जरा जवळ घ्या की," मोठ्या लेन्सवाले म्हणतात. मी घेत नाही. दोनचार जण त्यामुळे परत आले नाहीत, येऊ देत.

हरिपूरला परवा जाऊन आलो. वाळू उपशानं ते वाळवंट राहिलेलं नाही. सुरयही नव्हते.

सरांना मालवणला बोलावलं होतं. म्हणाले, "मला एस.टी. लागते, तू बोटीचं काय सांगतोस!" पुढच्या वर्षी गाडी घेऊन न्यायला येतो म्हणालो होतो. तेवढं राहिलं.