कार वॉशच्या सॉफ्टनरमध्ये मीठ कुठलं घालायचं आणि किती

भांडुपला आमचं छोटं वॉशिंग सेंटर आहे, बोअरिंगच्या पाण्यावर चालतं, आणि या धंद्यातली ओळखीची माणसं भेटली की हमखास एकच विचारतात, दादा तुम्ही सॉफ्टनरमध्ये, म्हणजे जड पाणी मऊ करायच्या टाकीत, मीठ कुठलं घालता आणि महिन्याला गोण्या किती लागतात. खरं सांगायचं तर गोण्यांचा आकडा ऐकून कुणाचाच काही फायदा नाही कारण माझं पाणी वेगळं, त्याचं वेगळं, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून टाकतो.

आधी पाण्याचं बघू. मुंबईला म्युन्सिपाल्टीचं पाणी येतं सात तलावांतून, विहार १८६० चा, तानसा १८९२ चा, पुढे मोडकसागर, भातसा वगैरे, सगळं पावसाचं साठवलेलं पाणी, त्यामुळे ते मुळातच मऊ असतं, साबणाला छान फेस येतो. पण ते पिण्याचं पाणी आहे, गाड्या धुवायला नाही. आपल्या नशिबी बोअरिंग नाहीतर टँकर, आणि तिथे सगळी जडपणाची भानगड सुरू होते. जडपणा म्हणजे पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम, मोजतात पीपीएममध्ये, म्हणजे लिटरमागे मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याचं जे भारतीय मानक आहे त्यात २०० पर्यंत चांगलं धरलंय आणि दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्या म्हटलंय. आता ४०० पीपीएमच्या पाण्याने काळी गाडी धुवा आणि मे महिन्यात उन्हात सोडा, बॉनेट तापलेलं असतं, थेंब जागेवर सुकतात आणि प्रत्येक थेंबाचं पांढरं कडं उरतं. कपड्याने पुसलं तर जात नाही, जोर लावला तर रंगावर बारीक ओरखडे. गिऱ्हाईक म्हणतं धुतली का मळवली, आणि त्याचं बरोबरच असतं.

सॉफ्टनर काय करतो तर टाकीत रेझिनचे बारीक मणी असतात, त्यांना सोडियम चिकटलेलं असतं, जड पाणी त्यातून गेलं की मणी कॅल्शियम मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी कॅल्शियमने भरले की मिठाचं पाणी सोडायचं, मिठातलं सोडियम परत मण्यांवर बसतं आणि धरलेलं कॅल्शियम गटारात जातं, यालाच रिजनरेशन म्हणतात. म्हणजे मीठ हे पाण्यात मिसळायला नाहीये, मणी धुवायला आहे. पोरांना हे एकदा समजलं की "आज फेस कमी येतोय, अजून दोन घमेली टाकू का" हे बंद होतं.

आता मीठ कुठलं. आपल्याकडे तीन प्रकार सहज मिळतात, गोणीतलं जाडं खडे मीठ, बारीक पावडर मीठ, आणि सॉफ्टनरचं टॅब्लेट मीठ म्हणजे रिफाइंड मीठ दाबून केलेल्या पांढऱ्या गोळ्या. मुलुंड भांडुपकडे राहणाऱ्यांना मिठागरं काही नवीन नाहीत, हायवेने जाताना दिसतातच, तर मिठागरात काय होतं तेवढं लक्षात घ्या. खाडीचं पाणी आटत जातं तेव्हा आधी जिप्सम खाली बसतं म्हणजे कॅल्शियमच, मग मीठ बसतं, आणि शेवटी जे कडू पाणी उरतं त्यात मॅग्नेशियम असतं. मीठ नीट निथळून, धुऊन घेतलं नाही तर या दोन्हींचा अंश खड्यात राहतो, शिवाय खालच्या जमिनीची माती. म्हणजे जे कॅल्शियम मॅग्नेशियम मण्यांवरून काढायला आपण मीठ घालतोय तेच थोडं थोडं मिठातून परत आत जातंय! स्वस्त मीठ घ्यायला माझी ना नाही, पण घाण मीठ घेऊ नका.

बघायचं कसं ते सोपं आहे. पारदर्शक बाटली घ्या, मूठभर मीठ, वर स्वच्छ पाणी, खळखळून हलवा आणि रात्रभर ठेवून द्या. चांगलं मीठ असेल तर सकाळी पाणी आरपार दिसतं, तळाशी काही नाही. साधं खडे मीठ असेल तर तळाला राखाडी चिखलाचा थर बसतो, वर कधी कधी पिवळट तवंग, काडीकचरा. तो थर किती जाड आहे ते बोटाने दाखवता येतं, दुकानदाराला नेऊन दाखवा. हाच चिखल ब्राइनच्या म्हणजे मिठाच्या पाण्याच्या ड्रमच्या तळाशी साचतो, ते पाणी ओढणाऱ्या इंजेक्टरच्या बारीक भोकात अडकतो, मग मीठ ओढलंच जात नाही आणि आपल्याला वाटतं रेझिन गेलं. पुष्कळदा रेझिन ठणठणीत असतं, फक्त इंजेक्टर उघडून धुवायचा असतो.

माझं मत विचाराल तर छोट्या सेंटरला, जिथे मल्टिपोर्ट म्हणजे पाण्याची वाट बदलायचा व्हॉल्व्ह हाताने फिरवायचा असतो आणि ड्रममध्ये मीठ आपणच घोळवतो, तिथे धुतलेलं स्वच्छ खडे मीठ पुरतं, आठवड्याला ड्रम उपसून धुतला की झालं. ऑटोमॅटिक व्हॉल्व्ह असेल, जो रात्री आपला आपण रिजनरेशन मारतो, तर टॅब्लेटच घ्या, महाग पडतं पण बारीक भोकं चोंदत नाहीत. पावडर मीठ नकोच, ते ओलं होऊन ड्रममध्ये दगडासारखं बसतं, वरून भरलेलं दिसतं आणि खाली पोकळी, पाणी मिठाला लागतच नाही. जेवणातलं आयोडीनचं मीठही घेऊ नका, आयोडीनने काही बिघडत नाही पण जास्तीचे पैसे कशाला आणि त्यात मीठ मोकळं राहावं म्हणून घातलेलं जे असतं त्याचा ड्रममध्ये उपयोग शून्य. सैंधव वगैरेचं तर नावच काढू नका, ते शुद्ध असतं ही समजूत सॉफ्टनरला लागू नाही.

आता मुख्य गोष्ट, किती. इथे बहुतेक जण ठोकून मीठ घालतात कारण प्लांट बसवणारा जाताना सांगून जातो की रोज रात्री अमुक किलो मारा. त्याला तुमचं पाणीही माहीत नसतं आणि तुम्ही किती गाड्या धुता तेही माहीत नसतं. हिशोब असा आहे. रेझिनच्या प्रत्येक लिटरमागे साधारण १०० ग्रॅम मीठ दिलं तर तो लिटर ४५ ग्रॅमच्या आसपास जडपणा धरतो. तेच २४० ग्रॅम दिलं तर धरतो ६८ च्या आसपास. म्हणजे मीठ जवळजवळ अडीचपट आणि काम दीडपट. ५० लिटर रेझिन आणि ४०० पीपीएमचं पाणी धरा, ५ किलो मिठात साडेपाच हजार लिटरच्या वर पाणी मऊ होतं, १२ किलोत साडेआठ हजार. दर हजार लिटरला बघितलं तर पहिल्यात नऊशे ग्रॅमच्या आसपास, दुसऱ्यात जवळपास दीड किलो. शेवटचे मणी सुद्धा पूर्ण चार्ज करायच्या नादात बाकीचं मीठ तसंच गटारात जातं. म्हणून थोडं मीठ आणि जरा लवकर लवकर, हे मीठ वाचवायचं मुख्य सूत्र.

पण थांबा, मुंबईत याला दुसरी बाजू आहे. प्रत्येक रिजनरेशनला बॅकवॉश (उलटं पाणी सोडून मणी धुणं) आणि रिन्स (शेवटी मीठ धुऊन काढणं) धरून रेझिनच्या आठ दहा पट पाणी सहज जातं, ५० लिटर रेझिनला चारपाचशे लिटर. बोअरिंगवाल्याला ते परवडतं, टँकर विकत घेणाऱ्याला परवडत नाही. टँकरवाल्यांनी मधला मार्ग धरावा, लिटरला १६० ग्रॅम, म्हणजे ५० लिटरला ८ किलो, त्यात सात हजार लिटरपर्यंत जाता येतं. मीठ थोडं जास्त लागेल पण पाणी वाचेल. आणि कमी डोसने थोडा जडपणा निसटतो ही तक्रार बॉयलरवाल्यांची, आपल्याला गाडी धुवायचीय, १०-२० पीपीएमने काही फरक पडत नाही. कमी डोस सुरू करायच्या आधी मात्र एकदा पूर्ण डोस देऊन मणी सोडियमने नीट चार्ज करून घ्या आणि मग ठरलेले लिटर झाले की लगेच मारा, गाड्यांची लाइन आहे म्हणून पुढे ढकललं की मण्यांवरचं सोडियम पार संपतं आणि छोटा डोस त्यांना वर आणू शकत नाही.

यासाठी सॉफ्टनरच्या पाइपला एक साधं पाण्याचं मीटर लावा. बस. रविवारी गाड्यांची रांग असते आणि मंगळवारी माणूस फिरकत नाही, मग रोज रात्री मीठ मारायचं कारणच काय, लिटर मोजा. आणि पावसाळ्यात तर चिखलाच्या गाड्या असतात, पाणी दुप्पट जातं पण बोअरिंगचा जडपणाही कमी झालेला असू शकतो, म्हणून जूनच्या शेवटी, दिवाळीनंतर आणि एप्रिल-मेमध्ये परत टेस्ट करायचीच. टँकरवाल्यांनी तर टँकर बदलला की करावी.

टेस्ट म्हणजे हार्डनेसचं, म्हणजे जडपणाचं थेंबांचं किट, पाण्यातले एकूण विरघळलेले क्षार दाखवणारं टीडीएस मीटर नव्हे. हे मी जरा जोरात सांगतो कारण प्लांट विकणारे बरेच जण टीडीएस मीटर बुडवून दाखवतात आणि माणूस फसतो. सॉफ्टनर कॅल्शियम काढून सोडियम देतो, एकूण क्षार तेवढेच राहतात, म्हणजे सॉफ्टनर उत्तम चालत असला तरी टीडीएस जवळपास तोच दिसणार. किटमध्ये छोटी बाटली असते, पाणी भरायचं, बफरचे थेंब टाकायचे, मग इंडिकेटर टाकला की जड पाणी लालसर जांभळं होतं. मग तिसऱ्या बाटलीतून एक एक थेंब मोजत टाकायचा आणि हलवायचं, रंग आधी मळकट होतो, मग जांभळा, आणि एका थेंबाला पाणी एकदम निळं होतं. तिथे थांबायचं, जितके थेंब त्याचा गुणाकार किटवर लिहिलेला असतो. सॉफ्टनरच्या बाहेरचं पाणी तर इंडिकेटर टाकताच, नाहीतर फार तर पहिल्या एक-दोन थेंबांत निळं व्हायला पाहिजे. आमच्याकडे वॉशिंगला जो पोरगा आहे तो हे सकाळी चहा उकळेपर्यंत करून टाकतो, शिकायला अजिबात कठीण नाही.

ड्रममध्ये मीठ किती भरलंय यावर डोस ठरत नाही, मिठाचं पाणी किती ओढलं यावर ठरतो. पूर्ण मुरलेल्या मिठाच्या एका लिटर पाण्यात ३०० ग्रॅमच्या थोडं वर मीठ असतं, म्हणजे ५ किलोसाठी साधारण १६ लिटर. ड्रमला आतून मार्करने रेघ मारून ठेवा, इथून इथपर्यंत ओढायचं, बाकी बंद. तळाला न विरघळलेलं मीठ कायम दिसलं पाहिजे आणि पाणी घातल्यावर काही तास मुरू द्यायचं, घाईत ढवळून लगेच ओढलं तर पाणी अर्धं कच्चं असतं. आणि ओढताना हळू, अर्धा तास तरी मण्यांतून जायला हवं, पंप जोरात ठेवून पाच मिनिटांत संपवलं तर कितीही भारी मीठ घाला, वाया.

सगळ्यात जास्त बचत मात्र मिठात नाहीच, पाइपमध्ये आहे. पहिला चिखल काढायचा पाण्याचा मारा, टायर, मडगार्डच्या आत, खालची बॉडी, फरशी, याला मऊ पाणी कशाला? तिथे थेट बोअरिंगची लाइन द्या. मऊ पाणी फक्त फोमला आणि शेवटच्या धुण्याला. फोमला मऊ पाणी असलं की शाम्पूही कमी लागतो, फेस दाट बसतो, तो फायदा वेगळाच. एक वेगळी लाइन आणि एक व्हॉल्व्ह टाकला की सॉफ्टनरमधून जाणारं पाणी खूप खाली येतं आणि मीठ त्याच हिशोबाने खाली येतं. नवीन सेंटर काढत असाल तर फरशी घालायच्या आधीच दोन लाइन टाकून घ्या, नंतर फोडाफोडी जीवावर येते.

एक गोष्ट आधीच सांगतो म्हणजे नंतर सॉफ्टनरला शिव्या बसणार नाहीत. समुद्राच्या, खाडीच्या जवळ ज्यांचं बोअरिंग आहे आणि पाणी चवीलाच खारट आहे त्यांचं काम सॉफ्टनरने होणार नाही. तो खारटपणा काढतच नाही, उलट पाण्यात आधीच सोडियम भरपूर असेल तर मणी पूर्ण काम करत नाहीत. अशा ठिकाणी शेवटच्या धुण्यापुरता छोटा आरओ लावावा लागतो, आरओच्या आधी सॉफ्टनर असला तर मेम्ब्रेनवर म्हणजे आतल्या गाळणीवर खपली कमी धरते. साध्या मऊ पाण्याचेही थेंब सुकले की हलका पांढरा डाग राहतो, पण तो ओल्या मायक्रोफायबरने पुसला की जातो, रंगाला चिकटून बसत नाही.

मीठ साठवायचं तर जमिनीवर गोणी टेकवू नका, लाकडी फळीवर ठेवा, वर प्लास्टिक, पावसात हवेनेच मिठाला पाणी सुटतं आणि खडे मिठाला जास्त सुटतं कारण त्यात मॅग्नेशियम असतं. जुलै-ऑगस्टपुरतं थोडं थोडं मागवा. प्रेशर पंप, मोटर, कंट्रोल पॅनल यांच्यापासून ड्रम लांब, मिठाचे शिंतोडे लोखंडाला पंधरा दिवसांत खातात.

आणि रिजनरेशन झाल्यावर रिन्सचं पाणी पूर्ण साफ होईपर्यंत लाइन गाड्यांकडे वळवू नका. जिभेला किंचितही खारट लागलं तर अजून रिन्स चालू ठेवा, इथे टीडीएस मीटर खरंच उपयोगी पडतं, आतल्या पाण्याचा आणि बाहेरच्या पाण्याचा आकडा जवळपास सारखा आला की मिठाचं पाणी निघून गेलं. तोपर्यंत सकाळची पहिली गाडी पाच मिनिटं उभी राहिली तरी चालेल.