शिनाई, इआइतो आणि एक ओली चटई: चौथ्या वर्षाचा हिशोब

मंडळी, आठ महिने काहीच लिहिलं नाही, कारण उजवं कोपर धरलं होतं आणि त्यात ऑफिसात मार्च एंड (जपानला आलो तरी मार्च एंड काही सुटला नाही). तर आधी स्कोअर सांगतो. केन्दोत (चिलखत घालून बांबूच्या तलवारीने करायची जपानी तलवारबाजी) निदान मिळालं, म्हणजे दुसरा दान, दुसऱ्या पायरीची ग्रेड. आईला फोनवर सांगितलं तर घाबरून म्हणाली, कसलं निदान, काय झालंय तुला? इआइदोला (म्यानातून तलवार काढून एकट्याने वार करायचा सराव) दीड वर्ष झालं, तिथे पहिला दान. आणि सहा महिन्यांपासून ओनो-हा इत्तो-र्यू या तलवारबाजीच्या जुन्या घराण्याच्या एका छोट्या ग्रुपमध्ये जातोय, तिथे मी शेंबडं पोर आहे, ग्रेड वगैरे काही नाही.

आता तिन्हीकडे पाय ठेवलाय म्हटल्यावर प्रत्येकजण तोच प्रश्न विचारतो, की खऱ्या मारामारीत यातलं कामाचं कोणतं. आधी मी सरळ उत्तर द्यायचो, केन्दो, कारण तिथे समोरचा खरंच मारतो. आता एवढं सोपं वाटत नाही, कारण मधे एक ओली चटई आली. तिच्याकडे येतोच.

पहिलं केन्दो. आमच्या दोजोत, म्हणजे सरावाच्या हॉलमध्ये, सत्तरी पार केलेले एक सेन्सेई (गुरुजी) आहेत, जिना चढताना कठडा धरतात. पण समोर उभे राहिले की मी मेन, म्हणजे डोक्यावरचा वार, मारायला हात उचलायच्या आत माझ्या उजव्या मनगटावर फाट्‌कन कोते. दर वेळी. वेग माझा जास्त, ताकद माझी जास्त, आणि तरी मार मीच खातो, कारण मी मारायचं ठरवलं हे त्यांना माझ्या आधी कळतं. याला ते मा-आइ आणि सेमे म्हणतात, म्हणजे अंतर आणि दाब, आणि ही गोष्ट काता (आधीच ठरलेल्या हालचालींचा सराव) करून येत नाही, फटके खाऊनच येते. साधारण १८व्या शतकात चिलखत आणि बांबूच्या शिनाईने सराव सुरू झाला तो याचसाठी, जीव न घेता पूर्ण जोराने मारता यावं म्हणून. आधी लाकडी बोक्कूतोने पूर्ण जोर लावायचा म्हणजे कोणाचं तरी हाड जायचं.

पण शिनाई ही तलवार नाही हो. मोठ्या पुरुषांच्या शिनाईचं किमान वजन ५१० ग्रॅम, आणि खरी तलवार, कताना, किलोच्या आसपास किंवा वर. शिनाई गोल, सरळ, तिला धार कुठे आहे हे फक्त पाठीवरच्या दोरीवरून कळतं. चार जागा मारायच्या, मेन (डोकं), कोते (मनगट), दो (धड), त्सुकी (गळ्यावर भोसक). मांडीवर मारलं तर पॉइंट नाही. आणि सगळ्यात मोठी गोम म्हणजे दोघांनी एकदम मारलं की ज्याचा अर्धा क्षण आधी लागला त्याचा झेंडा वर. खऱ्या पात्यांनी तेच केलं असतं तर दोघंही आडवे. आपटून पाय टाकायचा तो फुमिकोमी तर गुळगुळीत लाकडी फ्लोअरवरच शोभतो, चिखलात करून बघा.

इआइदोत उलटं. तिथे समोर कोणीच नसतं. माझं इआइतो, म्हणजे सरावाची बिनधारेची तलवार, २.४५ शाकूचं, म्हणजे पातं साधारण ७४ सेंटिमीटर, झिंक-अल्युमिनियमचं, त्याला धार लागतच नाही म्हणून खऱ्या तलवारीसारखी रजिस्ट्रेशनची भानगड नाही. केन्दो फेडरेशनच्या १२ काता आहेत, त्यातली पहिली 'माए': सेइझात (गुडघे दुमडून, टाचांवर) बसलेलो, म्यानातून काढता काढताच आडवा वार, मग डोक्यावरून उभा वार, रक्त झटकायची क्रिया, आणि तलवार परत म्यानात. दीड वर्षात मी ही एकच काता किती हजार वेळा केली असेन देव जाणे आणि अजून माझा डावा हात म्यान मागे खेचायला उशीर करतो. आता कोणी म्हणेल की सामुराई घरात शिरताना मोठी तलवार कमरेची काढून ठेवायचे, मग सेइझात मोठी तलवार कमरेला लावून बसलेला माणूस आणायचा कुठून? बरोबर आहे. ती परिस्थिती खरी नाहीच. पण गुडघ्यांवर बसून तलवार काढली की कंबर चुकवता येत नाही, सगळा आळस उघडा पडतो. मी तिला मारामारीची रिहर्सल न समजता जोर-बैठकांसारखं समजतो, आणि मग भांडण मिटतं.

आता चटई. इआइदोच्या सेन्सेईंनी एका रविवारी तामेशीगिरी ठेवली, म्हणजे तातामीची वरची चटई गुंडाळून, रात्रभर पाण्यात भिजवून, खुंटीवर उभी करायची आणि खऱ्या तलवारीने कापायची. मी मनात म्हटलं, चार वर्षं रोज मेन मारतोय, हे काय, गवतच तर आहे. केसागिरी, खांद्यावरून तिरका वार. मारला. तलवार अर्ध्यात अडकली, चटई खुंटीसकट कलली आणि माझे कान लाल. सेन्सेईंनी आधी धावत येऊन पातं वाकलं नाही ना बघितलं, मग माझ्याकडे. कारण काय, तर केन्दोची सवय, उजव्या हाताने ढकलून शेवटी मनगटं आवळून थांबायचं. शिनाई थांबवायची असते, तलवार आरपार जाऊ द्यायची असते. शिवाय माझी धारेची रेघ, हासुजी, वाराच्या दिशेपासून जराशी तिरपी होती, आणि ते जरासं चटईला पुरतं. त्याच दिवशी एका बारीकशा बाईंनी, ज्यांनी आयुष्यात केन्दो केलं नाही, फक्त इआइ, तीच चटई लोण्यासारखी कापली. मला लहानपणी कोल्हापुरात पाहिलेला मर्दानी खेळ आठवला, पट्ट्याने लिंबू कापणारे वस्ताद. तेव्हा वाटायचं ही सर्कस आहे. आता नाही वाटत.

म्हणून इत्तो-र्यूकडे वळलो, कारण केन्दोची मुळं बरीचशी तिथलीच. इथे दोघं असतात, दोघांना काय होणार ते माहीत असतं, आणि हरणारा नेहमी मोठा असतो, म्हणजे शिकवणारा वार करतो आणि नवखा त्याला जिंकतो. शिकवणाऱ्याच्या हातात ओनिगोते, उशीएवढे जाड हातमोजे, त्यामुळे मी त्याच्या मनगटावर लाकडी तलवारीने मनापासून मारू शकतो. पहिलीच काता हितोत्सुगाची, आणि तिचा जीव किरिओतोशीत. तो वरून मारतो, मीही वरून मारतो, अडवायचं नाही, बाजूला व्हायचं नाही, मधल्या रेषेवरून सरळ कापत जायचं आणि त्याची तलवार आपोआप रेषेबाहेर फेकली जाते. कागदावर सोपं आहे. शरीर ओरडत असतं की बाजूला हो. सहा महिन्यांत शंभरात एखादं खरं लागतं, तेव्हा आवाजच वेगळा येतो.

कातावाल्यांना "सगळं ठरलेलं, नाटक" म्हणणारे केन्दोवाले भेटतात आणि केन्दोला "काठीचा खेळ" म्हणणारे कोर्यूवाले (जुन्या घराण्यांतले). दोघांनाही १८७७ सांगावंसं वाटतं. सात्सुमाच्या सामुराईंनी सरकारविरुद्ध केलेल्या बंडात ताबारुझाकाच्या लढाईला पोलिसांतले तलवारबाज निवडून बात्तोताई ही तलवारीची तुकडी बनवली आणि बंदुकांच्या जमान्यात त्यांनी खरोखर तलवारीने लढाई केली. ही माणसं काता आणि शिनाई दोन्हीवर वाढलेली पिढी होती, तेव्हा आजच्यासारखी वाटणी झालेली नव्हती. त्याच्या आदल्याच वर्षी सैन्य-पोलीस वगैरे सोडून बाकीच्यांना चारचौघांत तलवार कमरेला लावायला बंदी आलेली. आणि खरं सांगायचं तर त्याच्याही आधी, सेंगोकूच्या, म्हणजे सरदारांच्या आपसांतल्या लढायांच्या काळातल्या, रणांगणावर, पहिलं काम धनुष्याचं, भाल्याचं, पुढे बंदुकीचं होतं, तलवार नंतरची. त्यामुळे 'कोणतं प्रॅक्टिकल' या वादात सगळेच थोडे हास्यास्पद दिसतात, मीही.

माझ्यापुरतं आत्ताचं मत: समोर चिडलेला माणूस असेल तर केन्दोवाला आधी पोचेल. पोचल्यावर कापलं जाईल की नुसता खरचटेल, हे इआइ आणि चटईवर ठरेल. आणि पोचून, कापून, स्वतः न मरता परत येणं, याचा विचार मला फक्त इत्तो-र्यूत झालेला दिसला. (जिगेन-र्यू या दुसऱ्या जुन्या घराण्यातले उभ्या खांबावर ओरडत हजारो फटके मारतात, पहिल्याच वारात संपवायचं एवढंच. ते हा पॅरा वाचून हसतील.)

सध्याचा होमवर्क: जिगेइकोत (केन्दोच्या मोकळ्या लढतीत) त्या कठडावाल्या सेन्सेईंवर किरिओतोशी लावायचा. मागच्या गुरुवारी एकदा लागला. त्यांची शिनाई बाजूला गेली, माझी त्यांच्या मेनवर. ते जाळीच्या आतून हसले, म्हणाले, परत कर. पुढचे अकरा कोते मोजले मी, बाराव्याला वेळ संपली.