तुम्ही विचारलंत म्हणून : पहिली बावीस अक्षरे

मकरसंक्रांतीला कवी सुधांशूंच्या औदुंबरात साहित्य संमेलन भरते. तेथून सांगलीला परतताना एसटीत शेजारी बसलेले कुणी तरुण हमखास विचारतात, ‘मला कविता लिहायची आहे, सुरुवात कशी करू?’ वर्षभर हाच प्रश्न मला इतरत्रही विचारला जातो आणि माझे उत्तर बदललेले नाही: अभंगापासून करा.

मुक्तछंद सोपा वाटतो, पण नवख्याला तोच अधिक अवघड जातो, कारण ओळ कोठे तोडावी हे सांगणारे तेथे कानाशिवाय काहीच नसते आणि तो कान अद्याप तयार झालेला नसतो. अभंगाचा साचा नामदेव-तुकारामांपासून आपल्या बोलण्यात मुरलेला आहे. मोठ्या अभंगात पहिल्या तीन चरणांत सहा-सहा आणि चौथ्यात चार, अशी बावीस अक्षरे असतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणांचे यमक जुळते. येथे मात्रा मोजायच्या नसतात, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाचा हिशेब नाही. जोडाक्षर एकच धरावे. ‘हळद’ हा शब्द बोलताना दोन अक्षरांत आटोपत असला, तरी मोजताना त्याची तीन अक्षरे धरावीत.

विषय मात्र हाताशी असलेलाच घ्यावा. मी हरिपूरचा, जेथे जमिनीखालच्या पेवांत हळद साठवली जात असे. तरीही माझ्या पहिल्या वहीत विरह आणि चांदणे यांखेरीज काही नव्हते. हळदीवर लिहावे असे सुचायला मला चार वर्षे लागली. तेव्हा लिहिले ते असे:

हळदीची पोती
दारात लागली
बोटे पिवळली
आईची गं

मोजणी बरोबर होती, परंतु शेवटचा ‘गं’ केवळ चार अक्षरे भरण्यासाठी आलेला होता. असा भरतीचा शब्द ओळखता येणे हीच या कामातली पहिली कमाई आहे, असे मी मानतो, म्हणून आपल्या कवितेतील प्रत्येक शब्दावर बोट ठेवून तो काढल्यास काय हरवते हे पाहावे. ‘गं’ काढला तर काहीच हरवत नव्हते. त्याऐवजी मी ‘आईचीही’ केले आणि त्या एका ‘ही’मुळे आईच्या सोबत काम करणाऱ्या इतर बायका कवितेत आल्या.

त्यानंतर कविता मोठ्याने वाचावी, आणि ज्याला त्या विषयातले कळते अशा माणसाला ऐकवावी. साहित्यातले कळणाऱ्याकडे नंतर जाता येते. मी आईला वाचून दाखवली, तेव्हा ती म्हणाली, “अरे, पोती हमाल उचलतात. आमची बोटं पिवळी होतात ती रानात हळद वेचताना, आणि तेव्हा दिवस कधी मावळतो ते कळतसुद्धा नाही.” तिच्या या दुरुस्तीने माझे पहिले दोन चरण खोटे ठरवले, आणि ‘लागली’पेक्षा कितीतरी नेमके यमक तिच्याच वाक्यातून मिळाले:

वेचता हळद
उन्हे मावळली
बोटे पिवळली
आईचीही