पुतण्या, वय 72

सातबाऱ्याला वारस लावायचा म्हणून कुणी वंशावळ काढली तर ते समजण्यासारखं आहे. 2023 पासून कुणबी नोंदींसाठी तर घरोघरी पणजोबांची शोधाशोध झाली आणि मोडी वाचणाऱ्यांना बरे दिवस आले. पण पदरात काही पडणार नसताना, निव्वळ खाजेपायी जुनी दप्तरं चाळणारी आमची एक जमात आहे. त्याच जमातीतले निपाणीचे एक गृहस्थ आमचे भाऊबंद निघाले.

त्यांच्या आणि आमच्या घराचे मूळपुरुष कागलकडचे सख्खे भाऊ. त्यातला थोरला निपाणीला जाऊन राहिला. अंतर म्हणाल तर एवढंसं, पण तेव्हा ते राज्य ओलांडणं होतं. कागल कोल्हापूर संस्थानात, निपाणी इंग्रजांच्या बेळगाव जिल्ह्यात. एका घराचे कागद दोन सरकारांकडे गेले. 1949 च्या मार्चमध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि दोन्ही घरं काही वर्षं एकाच सरकारखाली आली. 1956 ला पुन्हा वाटणी झाली, ती भाषावार. त्यांचे पुढचे उतारे सगळे कानडीत.

गृहस्थ घरी आले ते फायलींनी गच्च भरलेली पिशवी घेऊन, आणि मला 'काका' म्हणाले. ते 72 वर्षांचे, मी पन्नाशीच्या आतला. पण हिशेब चोख होता. थोरल्या घरात पिढ्या भराभर होतात, धाकट्याच्या घरात रेंगाळतात, आणि शंभर-सव्वाशे वर्षांत तो फरक असा साचतो. मी संकोचून त्यांना 'दादा' म्हणायला लागलो, तर त्यांनी वंशावळीचा कागदच पुढं केला!

त्यांचं काम पक्कं. इसवी सन काढायला महसुली कागदांतल्या फसली सनात 590 मिळवायचे, शकात 78, हे त्यांना तोंडपाठ. नातवाला आजोबांचं नाव ठेवायच्या रीतीमुळं आमच्याकडं बाबाजी बिन राणोजी, म्हणजे राणोजीचा मुलगा बाबाजी, मग राणोजी बिन बाबाजी, मग पुन्हा बाबाजी बिन राणोजी असा पाळणा चालू राहतो. कुठला बाबाजी कुठला, हे त्यांनी जमिनीच्या तुकड्यांवरून सोडवलं होतं. तेवढ्यावर आमची दुपार गेली आणि चहा तीनदा गार झाला.

त्या सगळ्या कागदांत बायका मात्र जवळपास नाहीतच. नवरा गेला आणि जमीन तिच्या नावावर राहिली, तरच एखादी 'कोम अमुक', म्हणजे अमक्याची बायको, म्हणून डोकं वर काढते. ही बाजू आमच्या आत्यानं सांभाळली. कुणाची लेक कुठं दिली, कोण बाळंतपणात गेली, कुणाची सवत कुठल्या गावची, ती धडाधड सांगत सुटली. त्यांनी एक फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाची नोंद, दाखवायचा आणि तिनं त्या घरातल्या चार सुना सांगायच्या, असा सौदा चालला. माझ्या मते त्यात तेच फायद्यात राहिले.

अडलं ते विहिरीपाशी. आमच्याकडं सांगतात, थोरला विहिरीच्या पाण्यावरून तणतणत निघून गेला. त्यांच्याकडं सांगतात, धाकट्यानं मोट बंद पाडून त्याला हुसकलं. फेरफार म्हणतो, 'वाटणी'. झालं. सरकारला भांडणात रस नसतो. दोघंही आपापल्या विहिरीला धरून बसलो, आणि खरं सांगायचं तर तेवढ्या वेळापुरतं अगदी सख्ख्या भाऊबंदांसारखं वाटलं.

त्यांच्याकडं अजून हेळव्या येतो म्हणे. सुगीनंतर बैल घेऊन यायचं, घराण्याच्या पिढ्या म्हणून दाखवायच्या, नवी जन्मलेली पोरं आपल्या वहीत चढवायची आणि धान्य-कापड घेऊन पुढच्या घरी जायचं. आमच्याकडं तो यायचा कधीच थांबला. यंदा आला की कोल्हापूरला पाठवतो, पोरांची नावं तेवढी तयार ठेवा, असं त्यांनी सांगितलं. विहिरीचंही त्यालाच विचारू, असं मी म्हटलं.

"त्याला नका विचारू," आत्या आतून म्हणाली. "जो पायलीभर जादा घालंल, त्याच्यासारखं म्हणंल त्यो."