गच्चीवरच्या रेडिओवर किती विसंबावे?

दोन इमारतींच्या गच्च्यांवर समोरासमोर डिश अँटेना लावून नेटवर्क जोडले आणि सुरक्षेचा विषय निघाला, की एक उत्तर हमखास ऐकू येते : रेडिओ लहरींची शलाका इतकी अरुंद असताना ती मध्येच पकडणार कोण? हिशेब केला तर हे उत्तर टिकत नाही. पाच अंश रुंदीची शलाका एक किलोमीटर अंतरावर सुमारे 87 मीटर पसरलेली असते, आणि अँटेनाच्या बाजूंनी व मागूनही थोडा सिग्नल बाहेर पडतच असतो. म्हणून अशी लिंक म्हणजे भर रस्त्यातून उघडी टाकलेली केबल, असे मी धरून चालतो.

रेडिओचे स्वतःचे एन्क्रिप्शन चालू ठेवावेच, पण भिस्त त्याच्यावर ठेवू नये. वेप या वाय-फाय एन्क्रिप्शनच्या जुन्या पद्धतीचा पाया 2001 मध्ये फ्लूरर, मँटिन आणि शमीर यांनी उखडला. नंतरच्या डब्ल्यूपीए2 या पद्धतीत दोन उपकरणे जोडणीच्या सुरुवातीला किल्ल्या ठरवतात, त्या हस्तांदोलनातली त्रुटी 2017 मध्ये मॅथी व्हानहूफ यांनी दाखवली. डब्ल्यूपीए2 मध्ये सामाईक पासवर्ड असेल, तर ते हस्तांदोलन एकदा टिपून घरी बसून निवांत अंदाज लावता येतात. 2018 मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए3 ने ही वाट बंद केली. तरीही खांबावरच्या उपकरणाचे फर्मवेअर (आतले सॉफ्टवेअर) अद्ययावत करायला कोणी उत्साहाने वर चढत नाही, आणि दुरून करावे तर लिंक तुटण्याची धास्ती असते, हा माझा अनुभव आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की रेडिओचे एन्क्रिप्शन रेडिओपाशीच संपते. तिथून खाली येणाऱ्या केबलमधला डेटा त्या एन्क्रिप्शनपुरता उघडाच असतो, आणि गच्चीवर जाऊन त्या केबलला लॅपटॉप जोडणारा माणूस थेट आपल्या नेटवर्कच्या आत येतो. त्यामुळे सगळा डेटा आणखी एका एन्क्रिप्टेड वाटेने, म्हणजे टनेलमधून, न्यावा आणि त्याची दोन्ही टोके इमारतींच्या आतल्या, कुलूपबंद खोलीतल्या राउटरवर असावीत. टनेलसाठी आयपीसेक ही पद्धतही चालते, मी वायरगार्ड वापरतो, कारण त्याची मांडणी आटोपशीर आहे आणि ओळखीची किल्ली नसलेल्या पॅकेटला ते उत्तरच देत नाही. रेडिओकडच्या पोर्टवर फायरवॉलने टनेलची पॅकेट ज्या क्रमांकावर येतात त्या यूडीपी पोर्टशिवाय काहीही आत घेऊ नये. रेडिओच्या व्यवस्थापनाचे पान वेगळ्या व्हीलॅनवर, म्हणजे त्याच तारांवरच्या स्वतंत्र आभासी नेटवर्कवर, ठेवावे, आणि कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलावा हे तर सांगायलाच नको.

पहिल्या खेपेस मी एमटीयूकडे, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकाराकडे, दुर्लक्ष केले होते. पिंग (पोहोच तपासणारे छोटे पॅकेट) नीट जात होते, लॉगिनही होत होते, पण मोठी फाइल पाठवली की ती मध्येच अडकून राही. वायरगार्ड आयपीव्ही4 वर प्रत्येक पॅकेटमागे 60 बाइट आणि आयपीव्ही6 वर 80 बाइट खर्च करते. म्हणून 1500 बाइट एमटीयूच्या लिंकवर टनेलचा एमटीयू 1420 ठेवला आणि टीसीपीचा एमएसएस (एका पॅकेटमधल्या डेटाची मर्यादा) त्यानुसार आवळला, तेव्हा कुठे फाइली सुरळीत जाऊ लागल्या.

मुद्दाम रेडिओ गोंगाट करून लिंक पाडणाऱ्यावर एन्क्रिप्शनचा काहीच इलाज नाही. त्यासाठी संथ का होईना दुसरा मार्ग हवा, आणि त्यावरही टनेलच हवा. टनेल बंद पडल्यावर राउटरने शहाणपणा करून तोच डेटा उघडा पाठवू नये, यासाठी पलीकडच्या नेटवर्कसाठी एक ब्लॅकहोल रूट, म्हणजे डेटा गुपचूप टाकून देणारा मार्ग, घालून ठेवावा. मी काम संपवण्यापूर्वी टनेल हाताने बंद करतो आणि रेडिओकडच्या पोर्टवर पॅकेट कॅप्चर (जाणारी-येणारी पॅकेट टिपणारे साधन) लावून आतल्या पत्त्याचे एखादे पॅकेट बाहेर निघते का, ते पाहतो.