परसातलं बटरफ्रूट, दुसरा प्रयत्न

ज्यूसवाल्याकडून मागून आणलेली बटरफ्रूटची, म्हणजे अ‍ॅव्होकॅडोची, बी काड्या टोचून ग्लासातल्या पाण्यावर ठेवलेली, महिन्याभरानं तडकली आणि खालून पांढरं मूळ डोकावलं तेव्हा मी घरभर दाखवत फिरलो होतो. ते झाड गेलं. चूक माझीच. आपल्या गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिमी पाऊस, आणि अ‍ॅव्होकॅडोला पाणी लागतं पण साचलेलं अजिबात चालत नाही, फायटोफ्थोरा नावाचा मातीतला बुरशीसारखा रोगजंतू मुळं कुजवतो. ऑगस्टातल्या उघडिपीत पानं मलूल दिसली, मला वाटलं तहान लागलीय, म्हणून वर आणखी दोन बादल्या ओतल्या! उपटलं तर बारीक मुळं काळी, बोटात धरली की तुटणारी.

यावेळी कलम आणलंय. बीच्या झाडाला फळायला सात-दहा वर्षं सहज लागतात, शिवाय फळ कसं निघेल याची गॅरंटी नाही, कलम तीन-चार वर्षांत धरतं. चिरे रचून दीड फूट उंच ओटा केला, त्यात माती, वाळू, शेणखत, वर सुक्या पानांचा थर, फक्त खोडापासून वीतभर लांब. दुपारच्या उन्हाला माडाची झावळी आडोशाला.

आई रोज बघते आणि म्हणते, एवढ्या जागेत नीरफणस लावला असतास तर कापं तरी मिळाली असती.