माशाचं माहेर नॉर्वेत, सासर रशियात

गेल्या शनिवारी इथे नॉर्वेत खालच्या मजल्यावरच्या आजोबांबरोबर धक्क्यावर मासे आणायला गेले होते आणि समोर बघते तर एक रशियन ट्रॉलर उभा. निळा, कडेने गंजलेला, नाव रशियन लिपीत, डेकवर दोन माणसं सिगरेट ओढतायत आणि खाली पोलिसांची गाडी. मला वाटलं पकडून आणलाय. अहो, रशिया म्हटल्यावर इथे २०२२ पासून रोज पेपरात जे वाचतोय त्यावरून दुसरं काय वाटणार, आणि त्यात आपण गुजरातची माणसं, शेजारच्या देशाची मच्छीमार बोट आपल्या बंदरात दिसली की ती पकडलेलीच असणार हे डोक्यात इतकं पक्कं बसलंय की दुसरा विचारच येत नाही. मी आजोबांना तसं विचारलं तर ते माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "पकडतील कशाला? तपासतायत फक्त. त्यांचा कोटा आहे. अर्धा कॉड त्यांचाच आहे ना."

अर्धा कॉड त्यांचाच आहे. कॉड म्हणजे इथला मासा. आपल्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या वाड्यात कसं म्हणायचे, गच्चीचा तो अर्धा भाग वरच्या काकूंच्या पापडांचा, तितक्या सहज म्हणाले. हे आजोबा पंचेचाळीस वर्षं समुद्रावर होते, उजव्या हाताची दोन बोटं अर्धी आहेत, आणि रशियाच्या सरकारबद्दल ते जे बोलतात ते इथे लिहिता येणार नाही. तरी अर्धा कॉड त्यांचा.

तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नाहीये. घरी येऊन वाचलं, ह्यांच्या युनिव्हर्सिटीतल्या दोघांना विचारलं, परत आजोबांना जाऊन छळलं. जेवढं कळलं ते सांगते.

इथला कॉड जानेवारी ते एप्रिल लोफोतेन बेटांपाशी येतो अंडी घालायला. त्या दिवसांतल्या माशाला इथे स्क्राय म्हणतात आणि इथल्या लोकांचा त्यावर आपल्या पापलेटवर असतो तसा जीव. अंड्यातून निघालेली बारकी पिल्लं प्रवाहाबरोबर वाहत वाहत वर बॅरेंट्स समुद्रात जातात, आणि तिथे पूर्वेकडे, म्हणजे बरीचशी रशियाच्या हद्दीत, खाऊनपिऊन वाढतात. काही वर्षांनी मोठी झाली की परत अंडी घालायला नॉर्वेच्या किनाऱ्याला. म्हणजे बघा, जन्म नॉर्वेत, संसार रशियात आणि बाळंतपणाला परत माहेरी लोफोतेनला. आईला फोनवर हे असं सांगितलं तर तिला एका वाक्यात सगळं कळलं, म्हणाली, "मग दोन्ही घरांनी नीट वागायलाच पाहिजे, नाहीतर पोरीचे हाल."

अगदी हेच. रशियाने तिकडे लहान मासाच उपसून नेला तर लोफोतेनला येणार काय, आणि नॉर्वेने लोफोतेनला अंडी घालणारा मासा संपवला तर रशियाकडे पिल्लं जाणार कुठून. म्हणून १९७५ साली दोघांनी करार केला, १९७६ पासून दोघांचं एक संयुक्त मत्स्य आयोग दरवर्षी बसतं आणि पुढच्या वर्षी एकूण किती मासा काढायचा ते ठरवतं. त्यातून इतर देशांचा वाटा बाजूला काढायचा आणि उरलेला कॉड निम्मा निम्मा. हॅडॉक नावाचा मासा आहे तोही निम्मा निम्मा. कॅपेलिन म्हणून छोटा मासा, त्याचे नॉर्वेला ६० आणि रशियाला ४० टक्के. वर एकमेकांच्या हद्दीत जाऊन मासे धरायची परवानगी, कारण रशियन बोटींना इकडचा मोठा मासा मिळाला तर त्या तिकडचा लहान मासा कमी मारतील. मला ही गोष्ट इतकी आवडली की मी दोन दिवस भेटेल त्याला सांगत होते.

आणि सेंटिमीटरची गोष्ट तर ऐकाच. पूर्वी नॉर्वेचा नियम होता की ४७ सेंटिमीटरपेक्षा लहान कॉड धरायचा नाही, रशियाचा नियम ४२ चा. नॉर्वेच्या जाळ्याचा आस, म्हणजे जाळ्यातलं भोक, १३५ मिलिमीटर, रशियाचा १२५. म्हणजे एकाच समुद्रात, एकाच माशाला, रेषेच्या अलीकडे एक माप आणि पलीकडे दुसरं. वर्षानुवर्षं यावर वाद झाले आणि मग २०११ पासून दोघांचं एकच माप झालं, कॉड ४४ सेंटिमीटर, आस १३० मिलिमीटर. आजोबांना हे सांगताना सुद्धा थोडा राग येतो, त्यांना ४७ च हवं होतं, "तीन सेंटिमीटर सोडले आम्ही" असं टेबलावर बोटांनी अंतर दाखवून सांगतात. पण रशियानेही दोन सोडले ना. मी घरी आल्यावर शिवणाच्या डब्यातली टेप काढून ४४ सेंटिमीटर ओट्यावर मोजून बघितले. आपल्या पोळपाटाच्या दीडपट पण नाही. एवढ्यावर दोन देश कितीदा बसले, उठले, भांडले, परत बसले.

युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यावर इथल्या बंदरांत रशियन बोटींना बंदी आली, फक्त ट्रॉम्सो, किर्केनेस आणि बोत्सफ्यूर या तीन ठिकाणी मासेमारी बोटी येऊ शकतात, त्या पण तपासणी करून. समुद्राचा अभ्यास करणारी जी आंतरराष्ट्रीय परिषद आहे तिच्यातून २०२२ मध्ये रशियाला बाजूला ठेवलं. मग मासे मोजायचे कोणी? तर इथल्या बर्गेनचे शास्त्रज्ञ आणि रशियातल्या मुर्मान्स्कचे शास्त्रज्ञ आपसात बसून मोजतात आणि सल्ला देतात. कोटा एकाही वर्षी चुकलेला नाही. एकीकडे हे लोक युक्रेनला शस्त्रं पाठवतायत, दुसरीकडे त्याच रशियाबरोबर मासे मोजतायत. मला आधी हे दुटप्पी वाटलं होतं, खरं सांगते. आता नाही वाटत.

मासा वाढलाय असंही नाही बरं का. २०१३ साली कोटा १० लाख टन होता, २०२५ साठी ३ लाख ४० हजार टनांवर आणला, तोवरचा १९९१ नंतरचा सगळ्यात कमी. भाव इतके चढलेत की धक्क्यावर दोनदा विचार करावा लागतो. तरी कमी करायचं ते पण दोघांनी मिळूनच कमी केलं, आणि आजोबांच्या पुतण्याच्या बोटीला त्याचा फटका बसलाय.

आता दुसरी बाजू. सोमवारी ऑफिसात जेवणाच्या वेळी मी हे सगळं कौतुकाने सांगत होते तर एक सहकारी म्हणाला, "तुमच्याकडे तर मच्छीमारांना तुरुंगात टाकतात ना?" वाईट हेतूने नाही म्हणाला, पण माझा घास तोंडातच राहिला. आणि मग मी जे बोलले ते सगळं बोलायला हवं होतं की नाही माहीत नाही, पण बोलले.

म्हटलं, बाबा रे, तुमच्या देशात साठ लाखही माणसं नाहीत, आमच्या एकट्या गुजरातेत सहा कोटींच्या वर आहेत. तुमच्या शेजारच्या आइसलंडने आणि ब्रिटनने याच कॉडसाठी १९५८ ते १९७६ मध्ये तीन वेळा एकमेकांशी पंगा घेतला, जाळी कापली, जहाजं जहाजांवर घातली, आणि दोघेही नाटोचे मेंबर. मॅकरेल माशाच्या वाटपावरून तुम्ही नॉर्वेवाले, युरोपियन युनियन, फेरो बेटं, आइसलंड वर्षानुवर्षं भांडत आलात आणि जो तो आपापला कोटा लावून मोकळा होत आलाय. रशियाबरोबरही सगळं गोडगोड होतं असं नाही, २००५ मध्ये इलेक्ट्रॉन नावाचा रशियन ट्रॉलर तुमच्या दोन तपासनीसांना घेऊनच पळाला होता मुर्मान्स्ककडे, विसरलात का. त्याच सुमारास वर्षाला लाख टनाच्या वर कॉड चोरून जात होता असं तुमचंच सरकार म्हणत होतं. आणि बांगलादेशने आमच्याबरोबरचा समुद्राच्या हद्दीचा वाद लवादाकडे नेला, २०१४ साली निकाल लागला, वादातल्या साधारण २५ हजार ६०० चौरस किलोमीटरपैकी १९ हजारांच्या वर त्यांना गेले आणि भारताने तो निकाल निमूट मान्य केला. हे तुमच्या पेपरात आलं होतं का?

तो बिचारा गप्प झाला, म्हणाला मला माहीत नव्हतं. मला बरं वाटलं. पण संध्याकाळी घरी येताना बसमध्ये बरं वाटेनासं झालं, कारण त्याने जे विचारलं त्याचं उत्तर मी दिलंच नव्हतं.

तुम्हाला माहीतच आहे आमच्या घरात ओख्याचं काय आहे ते. माझे पणजोबा ओखा बंदरात कारकून होते, तेव्हा ओखामंडळ बडोदा संस्थानात होतं, आणि ते बंदर १९२६ साली सयाजीराव महाराजांच्या राज्यात सुरू झालं. समुद्रापासून इतक्या लांब बसलेल्या राजाने बंदर तर बांधलंच, पण त्याच्याही आधी जेम्स हॉर्नेल नावाच्या अभ्यासकाला बोलावून ओखामंडळच्या समुद्रात काय काय जीव आहेत ते बघायला लावलं, त्या अहवालाचा पहिला भाग १९०९ साली छापला. इथल्या लोकांना मी हे आवर्जून सांगते. मोजल्याशिवाय काढायचं नाही ही अक्कल आपल्याला कोणाकडून उसनी आणायची गरज नाहीये.

पण आज त्याच ओख्याहून, पोरबंदरहून, जखौहून निघालेल्या बोटी पाकिस्तानवाले धरतात आणि त्यांच्या बोटी आपले लोक धरतात. कच्छ आणि सिंधच्या मधली सर क्रीकची ९६ किलोमीटरची खाडी, तिच्या मधोमध रेष की पूर्वेच्या काठाला, हे ठरत नाही म्हणून पुढे समुद्रातली रेष ठरत नाही. आणि मासा तर सिंधूच्या मुखाकडेच जास्त, घोळ मासळी मिळाली तर वर्षाचं निघतं, मग बोट चालवणारा तांडेल ती तिकडे नेतोच.

डहाणूला माझ्या मामाच्या घरामागे एक बाई राहतात. त्यांचा नवरा ओख्याच्या बोटीवर खलाशी होता, तिकडचे बरेच जण जातात, आठ महिने बोटीवर आणि पावसाळ्यात घरी. बोट उचलली आणि तो तीन वर्षं कराचीच्या तुरुंगात होता. २००८ च्या करारानुसार दोन्ही देश १ जानेवारी आणि १ जुलैला एकमेकांना कैद्यांच्या याद्या देतात. त्या बाईंना वाचता येत नाही, तर त्या दोन्ही तारखांच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मामाकडे पेपर घेऊन यायच्या. पेपरात नावं नसतात हो, फक्त आकडा असतो, इतके मच्छीमार म्हणून. मामा तो आकडा वाचून दाखवायचा आणि त्या विचारायच्या, "मागच्यापेक्षा कमी हाय का?" कमी असला की पेपरचा तेवढा तुकडा फाडून पदराच्या टोकाला बांधून न्यायच्या. मी दहावीच्या सुट्टीत एकदा स्वतः बघितलंय हे, जुलैत, धो धो पाऊस, आणि तो कागद ओला होऊ नये म्हणून त्यांनी वर प्लास्टिकची पिशवी गुंडाळली होती.

मी आजोबांना हे सांगितलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो कोळ्याचाच: "आणि बोट?" म्हटलं, माणूस कधीतरी सुटतो, बोट बहुतेक तिथेच सडते. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी मला ग्रे झोन सांगितला, आणि खरं म्हणजे हे सगळं लिहायला मी त्याच्यासाठीच बसले.

नॉर्वे आणि रशियाची बॅरेंट्समधली रेषसुद्धा चाळीस वर्षं ठरत नव्हती. वादातला भाग केवढा, तर पावणेदोन लाख चौरस किलोमीटर. खाली तेल-गॅस असेल अशी आशा, वर शीतयुद्ध, पाणबुड्या, सगळं. ती रेष २०१० साली मुर्मान्स्कला सही होऊन ठरली, जवळजवळ निम्मी निम्मी. पण ते रेषेसाठी थांबले नाहीत. १९७८ मध्येच त्यांनी एक पट्टा आखला, तोच ग्रे झोन, आणि ठरवलं की या पट्ट्यात तुमची बोट तुम्ही तपासायची, आमची आम्ही. तुमच्या बोटीला आम्ही हात लावणार नाही, आमच्या बोटीला तुम्ही लावायचा नाही. हक्क कोणाचा ते नंतर बघू, कोणाचाही दावा यामुळे कमी होत नाही. तीस वर्षांवर तसं चाललं. आजोबा त्या पट्ट्यात कितीतरी वेळा गेले, सोव्हिएत बोटी इतक्या जवळून जायच्या की त्यांच्या स्वयंपाकघरातला कोबीचा वास यायचा म्हणाले. कोणी कोणाला धरलं नाही.

आपल्याकडे लगेच म्हणतील, पाकिस्तानची गोष्ट वेगळी, २६/११ ला ते दहशतवादी समुद्रातूनच आले होते, आणि त्यांनी पोरबंदरची बोटच पळवली होती. बरोबर आहे. मी मुंबईतल्या नातेवाइकांसमोर हे बोलायचं धाडस करणार नाही. पण तपासू नका असं कोण म्हणतंय, त्या दिवशी धक्क्यावर पोलीस उभेच होते की. तपासा, बोट परत वळवा, दंड करा. खलाशाला तीन वर्षं का ठेवायचं? तो तर पगारावर असतो, बोट कुठे न्यायची ते सुद्धा त्याच्या हातात नसतं. रेष ठरायची तेव्हा ठरेल, तोवर तुमची बोट तुम्ही बघा आणि आमची आम्ही, एवढं तरी आधी करता येणार नाही का? बाबांना फोनवर विचारलं तर म्हणाले, तिकडे बसून बोलणं सोपं आहे. मला लागलं ते, पण मी काही उलट बोलले नाही.

बुधवारी सकाळी दाराच्या मुठीला पिशवी लटकलेली, आत स्क्रायचे चार तुकडे, कलेजी आणि गाबोळी वेगळी बांधलेली. इथे हे तिन्ही उकडून एकत्र बटाट्याबरोबर खातात, मोल्ये म्हणतात. मी गाबोळीला हळद-तिखट लावून रव्यात घोळवून तळली आणि खाली आजोबांना वाटीभर देऊन आले.

मग मामाला फोन केला. त्या बाई बऱ्या आहेत, नवरा परत आल्यापासून समुद्रावर जात नाही, वाडीत काम करतो. मुलगा एकवीस वर्षांचा झालाय. पावसाळ्यातली बंदी उठली की तो ओख्याच्या बोटीवर जाणार आहे, मामा म्हणाला ॲडव्हान्स घेऊन झालाय.